जीपच्या डिफरन्शियलचा रेशो ४.८८ वरून ४.२७ केला, आता स्पीडोमीटर कमी दाखवतो. खात्रीचा उपाय कोणता?

रानवाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. गाडी महिंद्रा एमएम ५४०, डिझेल, चार गिअरची पेटी, फोर व्हील ड्राइव्ह. घाटात आणि शेतात ती कधीच कमी पडली नाही, पण साताऱ्याहून पुण्याला जाताना सत्तरच्या पुढे इंजिन नुसतं ओरडायचं. म्हणून दोन्ही एक्सलचे क्राउन-पिनियन, म्हणजे डिफरन्शियलमधली दातेरी चाकांची जोडी, बदलून घेतले. जुन्याचे दात ३९ आणि ८ होते, म्हणजे ४.८८ (गिअरबॉक्सकडून येणारा दांडा ४.८८ वेळा फिरला की चाक एकदा फिरतं). नव्याचे ४७ आणि ११, म्हणजे ४.२७. फोर व्हील ड्राइव्ह असल्यामुळे पुढचा आणि मागचा एक्सल दोन्ही एकाच रेशोचे करणं भागच होतं. टायर तेच ठेवलेत.

फरक छान पडलाय. माझा टायर एका फेऱ्यात २.२२ मीटर जातो. त्या हिशेबाने टॉप गिअरमध्ये ७० च्या वेगाला इंजिन आधी सुमारे २५६० आरपीएमवर असायचं, आता २२४५ च्या आसपास असतं. पसरणीच्या घाटात दुसरा गिअर आता जरा लवकर टाकावा लागतो, पण ते मान्य करूनच हे काम केलं होतं.

प्रश्न मीटरचा आहे. आधी काटा जीपीएसला धरून चालायचा. आता काटा ६० वर असताना मोबाइल ६८-६९ दाखवतो. ट्रिप मीटर लावून जीपीएसवर ५० किलोमीटर मोजले, तर मीटरवर ४३.८ पडले. गॅरेजवाले म्हणतात, "काटा काढून थोडा पुढे बसवून देतो." मला ते पटत नाही. ज्यांनी हे काम नीट करून घेतलंय त्यांनी सांगावं.

खिंड

डॅशबोर्डवर मोबाइल लावा आणि मीटरकडे बघूच नका. जीपीएसचा वेग मीटरपेक्षा खरा असतो. उगाच खर्च कशाला?

रानवाट

खिंड, वेग तपासायला जीपीएस उत्तमच आहे. मीही त्यानेच तपासला. पण खंबाटकीच्या बोगद्यात शिरलं की सिग्नल जातो. आणि खरी अडचण वेगाची नाहीच, किलोमीटरची आहे. मीटर शंभरातले बारा किलोमीटर खातोय. ऑइल बदलायचं ५००० ला, तर मीटरवर ५००० होईपर्यंत गाडी ५७०० पळालेली असणार. पुढे गाडी दुसऱ्याच्या हातात गेली तर त्याने कोणत्या आकड्यावर विश्वास ठेवायचा?

केबलकाका

रानवाट, काटा पुढे बसवू द्यायचा नाही हे तुम्ही बरोबर ओळखलंत. त्यामागचं कारण सविस्तर लिहितो, कारण हा सल्ला फार ठिकाणी दिला जातो आणि लोक तो घेतात. माझं आयुष्य मीटरदुरुस्तीत गेलंय.

आधी मीटरच्या आत काय असतं ते पाहू. केबलची आतली तार मीटरमधलं एक लोहचुंबक फिरवते. त्यावर ॲल्युमिनियमची वाटी असते. वाटी चुंबकाला टेकलेली नसते, मध्ये बारीक फट असते. चुंबक फिरला की वाटीत भोवरी विद्युतप्रवाह तयार होतो आणि वाटी त्या दिशेने ओढली जाते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे धरते. ओढ आणि स्प्रिंग जिथे जुळतात तिथे काटा थांबतो. किलोमीटरच्या आकड्यांचं तसं नाही. चुंबकाच्याच दांडीवरून छोट्या वर्म गिअरने (स्क्रूसारखे आटे असलेल्या गिअरने) ती चाकं थेट फिरवली जातात. म्हणजे काट्याला चुंबक, स्प्रिंग, वय, ऊन या सगळ्यांचा त्रास होतो, पण आकडे फक्त केबलचे फेरे मोजतात.

म्हणून माझ्याकडे "मीटर चुकतो" म्हणून कोणी आलं की मी काट्याकडे नंतर बघतो. आधी विचारतो, किलोमीटर बरोबर पडतात का? किलोमीटर बरोबर आणि काटा चुकीचा असेल, तर दोष मीटरच्या आत आहे. किलोमीटर आणि काटा दोन्ही एकाच प्रमाणात चुकत असतील, तर मीटर निरोगी आहे, त्याला फेरेच चुकीचे मिळताहेत.

आता तुमचे आकडे बघा. ५० ला ४३.८ पडले, म्हणजे ०.८७६. काटा ६० ला खरे ६८.५, म्हणजे तेवढंच. आणि ४.२७ भागिले ४.८८ केलं तरी तेच येतं. तिन्ही जुळले. तुमच्या मीटरला कोणीही हात लावायचा नाही.

काटा सरकवला तर काय होईल? काट्यात साडेआठची भर घातली की ६० च्या जागी ६८.५ दिसेल, म्हणजे बरोबर. पण जिथे तो आधी ३० दाखवायचा तिथे खरा वेग ३४ आहे, आणि आता दिसेल ३८.५. चूक प्रमाणाची आहे आणि काटा सरकवणं म्हणजे ठरावीक बेरीज. एकाच वेगाला जुळेल, बाकी सगळीकडे बिघडेल. दुसरा उपाय लोक करतात तो चुंबकाला जास्त चार्ज देण्याचा. त्याने काटा सगळ्या वेगांना जुळवता येतो, मी अनेकांना करून दिलाय, पण तो मीटर खरोखर म्हातारा झाला असेल तेव्हाच. तुमच्या बाबतीत तसं केलं तर काटा खरं बोलेल आणि खालचे आकडे खोटंच बोलत राहतील. आणि पुढे कधी मूळ रेशो परत बसवलात तर काटाही चुकेल.

इलाज फेऱ्यांवर करायचा. केबल आता फिरते त्याच्या १.१४१ पट फिरली पाहिजे. ३९/८ ला ४७/११ ने भागा, एवढंच गणित आहे.

पद्मिनी७४

काका, फार सुंदर समजावलंत. एक शंका. माझ्याकडे पद्मिनी आहे आणि भावाकडे जुनी मारुती ८००. दोन्हींना हे लागू होतं का?

केबलकाका

पद्मिनीला होतं, मारुती ८०० ला होत नाही. सगळा खेळ केबल कुठून निघते याचा आहे.

पद्मिनी, ॲम्बेसेडर, जीप या गाड्यांत केबल गिअरबॉक्सच्या शेपटातून किंवा ट्रान्स्फर केसमधून (पुढच्या-मागच्या एक्सलला जोर वाटून देणाऱ्या पेटीतून) निघते. डिफरन्शियल त्याच्या पुढे, मागच्या एक्सलमध्ये. म्हणजे केबल मोजते ते प्रोपेलर शाफ्टचे, एक्सलकडे जाणाऱ्या लांब दांड्याचे, फेरे. प्रोपेलर किती फिरला की चाक किती फिरतं हे डिफ ठरवतो, आणि मीटरला डिफ बदलल्याचं कळायला काही मार्गच नाही.

मारुती ८०० पुढच्या चाकांवर चालते. तिचा डिफ गिअरबॉक्सच्या पोटातच असतो आणि मीटरचा गिअर डिफच्या केसवरून फिरतो. म्हणजे रेशो होऊन गेल्यावरचे फेरे मोजले जातात. तिथे फायनल रेशो बदलला तरी मीटर बरोबरच राहील, फक्त टायर बदलला तर चुकेल. जुन्या बीटलचं तर आणखी सरळ, तिची केबल पुढच्या डाव्या चाकाच्या हबमधून निघते.

एबीएस असलेल्या गाड्यांत वेग बहुधा चाकांवरच्या सेन्सरवरून घेतला जातो. तिथेही डिफ बदलल्याने वेगाच्या आकड्याला धक्का लागत नाही. पण अशा गाडीचा कॉम्प्युटर गिअरबॉक्सचे फेरे आणि चाकाचे फेरे ताडून पाहत असेल, तर त्याला नवा रेशो सांगावा लागतो.

रानवाट

काका, मनापासून आभार. आता पुढचं. ट्रान्स्फर केसमधून केबलचा छोटा गिअर बाहेर काढून बघितला. तिरके दात आहेत, गिअर अजून चांगला आहे. हाच बदलून कमी दातांचा मिळाला तर काम होईल, हे कळलं. पुण्यात नाना पेठेत आणि मुंबईत कुर्ल्याला सीएसटी रोडवर विचारलं. याच दातांचा मिळतो, कमी दातांचा कोणाकडे नाही.

डॅलसकर

इकडे अमेरिकेत हे काम फार सोपं झालंय, म्हणून लिहितो. कदाचित कोणाच्या उपयोगी पडेल. माझी जीप रँग्लर टीजे आहे. ही मालिका १९९७ ते २००६ पर्यंत निघाली. तिचा डिफ ३.०७ होता. मी ४.१० बसवला आणि टायरही २८.३ इंच व्यासाचे काढून ३०.५ चे घातले. माझं तुमच्या उलटं. डिफचा आकडा वाढला, म्हणून मीटर जास्त दाखवायला लागला. मोठ्या टायरने त्यातलं थोडं खाल्लं, तरी ६० मैलांना ७४ दिसायचे.

टीजेत ट्रान्स्फर केसवर प्लास्टिकचा छोटा गिअर असतो आणि तो पुढे इलेक्ट्रॉनिक सेन्सर फिरवतो. हे गिअर वेगवेगळ्या दातांचे तयार मिळतात. माझा २९ दातांचा होता. २९ गुणिले ४.१० भागिले ३.०७, मग गुणिले २८.३ भागिले ३०.५. उत्तर ३५.९. म्हणून ३६ दातांचा घेतला.

यात एक बारकावा आहे आणि तो माहीत नसेल तर नवा गिअर खराब होतो. दात वाढले की गिअरचा व्यासही वाढतो. मग तो आतल्या वर्मवर एक तर घट्ट दाबला जाईल किंवा लांब राहील. त्यासाठी टीजेचं गिअर धरणारं हाउसिंग मुद्दाम एककेंद्री नसलेलं केलंय. त्याच्या तोंडावर २६-३१, ३२-३८, ३९-४५ असे आकडे कोरलेले असतात. तुमचा दातांचा आकडा ज्या गटात येतो तो गट खाली आणून हाउसिंग फिरवून बसवायचं. २९ वरून ३६ वर जाताना गट बदलतो, म्हणून हाउसिंग फिरवणं आवश्यक होतं. एक बोल्ट, एक क्लॅम्प, एवढंच काम.

पुढच्या जेके मॉडेलपासून गिअर नाहीच. तिथे हातात मावणारा प्रोग्रॅमर लावून डिफचा रेशो आणि टायरचं माप कॉम्प्युटरमध्ये भरायचं.

खिंड

डॅलसकरांनी सांगितलेला व्यासाचा मुद्दा महत्त्वाचा. म्हणजे रानवाटने कमी दातांचा गिअर इथे बनवून घेतला तरी तो जुन्या भोकात नीट बसेलच असं नाही.

उद्यमनगर

अगदी तेच लिहायला आलो होतो. मी कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात गिअर कटिंगचं काम करतो. तिरक्या दातांचा गिअर मूळ वर्मला जुळवून, अंतर तेच ठेवून, कमी दातांत काढायचा तर दातांचा आकार बदलावा लागतो. करता येतं, पण एका नगासाठी ते वेडं काम आहे आणि चुकलं तर वर्म खराब होतो. वर्म बदलायचा तर ट्रान्स्फर केसच उघडा.

त्यापेक्षा केबलच्या मध्ये छोटी रेशोची पेटी घाला. एका बाजूने केबल आत, दुसऱ्या बाजूने बाहेर, मध्ये साधे सरळ दातांचे गिअर. ट्रान्स्फर केसला आणि मीटरला हात लावायचा नाही.

तुम्हाला १.१४१ पाहिजे. ८ भागिले ७ केलं तर १.१४२९ येतं. दीड-दोन सहस्रांशाचा फरक, म्हणजे १०० किलोमीटरला पावणेदोनशे मीटर जास्त दिसतील. याहून जवळचा आकडा शोधत बसण्यात अर्थ नाही, टायर झिजला की याच्यापेक्षा जास्त फरक पडतो.

पद्मिनी७४

मग ८ ला ७ या प्रमाणात दोन गिअर एकमेकांना लावले की झालं?

उद्यमनगर

नाही. दोन गिअर एकमेकांत अडकले की दुसरा उलटा फिरतो. मग केबल उलटी फिरेल, मीटरचा चुंबक उलटा फिरेल आणि काटा शून्याच्या खिळ्याला मागून दाबून बसेल. किलोमीटर उलटे पडतील ते वेगळंच.

म्हणून चार गिअर घ्यायचे. आत येणाऱ्या दांडीवर एक, बाजूच्या मधल्या दांडीवर दोन, बाहेर जाणाऱ्या दांडीवर एक. दोनदा उलटलं की दिशा परत सुलटी होते. आणि आत येणारी व बाहेर जाणारी दांडी एका रेषेत ठेवायची असेल तर दोन्ही जोड्यांचं मध्यांतर सारखं हवं, म्हणजे एकाच मॉड्यूलला (दाताच्या आकाराच्या मापाला) दोन्ही जोड्यांच्या दातांची बेरीज सारखी हवी. ३२ आणि २८ ची बेरीज ६०. दुसरी जोडी ३० आणि ३०. अर्धा मॉड्यूल घेतला तर मध्यांतर बरोबर १५ मिलिमीटर. आत ३२, तो मधल्या २८ ला फिरवेल. मधला ३०, तो बाहेरच्या ३० ला फिरवेल. ३२ भागिले २८ म्हणजे आपले ८ भागिले ७.

एक मॉड्यूल घेऊन १६-१४ आणि १५-१५ केलं तरी मध्यांतर तेच येतं आणि दात जाड मिळतात. पण १७ च्या खाली दात गेले की बुडाशी खाच पडते. मीटरच्या केबलला जोर काहीच लागत नाही म्हणून तेही चालेल, तरी मी बारीक दातच पसंत करतो, आवाज कमी येतो.

पितळ आणि पोलाद अशी जोडी करा. पेटीला ॲल्युमिनियमचा ठोकळा पुरतो. दोन्ही तोंडांना केबलच्या नटाचे आटे आणि आत चौकोनी टोक बसेल असं भोक.

रानवाट

उद्यमनगर, तुम्ही अर्धं काम इथेच करून दिलंत. व्यक्तिगत निरोप पाठवलाय. पेटी कुठे बसवू? ट्रान्स्फर केसजवळ की मीटरजवळ?

केबलकाका

मीटरजवळ. ट्रान्स्फर केसखाली चिखल, पाणी, धूळ सगळं येतं. ओढे ओलांडणारी गाडी आहे तुमची. जीपच्या डॅशबोर्डमागे भरपूर मोकळी जागा असते. फक्त केबलचं वळण बघा. पेटीने चार बोटं लांबी वाढली की केबल कुठेतरी जास्त वाकते, आणि वाकलेली तार अडखळत फिरली की काटा थरथरतो. जास्तीची लांबी मोठ्या वळणात घ्या, आणि आतल्या तारेला हलकं ग्रीस लावा. मीटरकडच्या शेवटच्या वीतभर भागाला ग्रीस नको. ते तारेवरून चढत मीटरमध्ये जातं आणि वाटी चिकटते.

पेटी बसवण्याआधी मीटर तरी खरा आहे ना, याची टेबलावर एकदा खात्री करून घ्या. वेग बदलता येणारं ड्रिल आणि आरपीएम मोजायचं लेसर टॅकोमीटर लागेल. कोणत्याही हार्डवेअरवाल्याकडे मिळतो. जुन्या अमेरिकन धर्तीच्या मीटरला मैलाला १००० फेरे लागतात, म्हणजे किलोमीटरला ६२१. जपानी धर्तीच्या मीटरला किलोमीटरला ६३७. केबल गाडीत ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने ड्रिल ६०० आरपीएमवर दहा मिनिटं फिरवा. सहा हजार फेरे झाले. आकडे ९.६६ किलोमीटर पुढे गेले तर मीटर पहिल्या प्रकारचा, ९.४२ गेले तर दुसऱ्या. त्याच वेळी काटा कुठे आहे ते बघा. पहिल्या प्रकारात तो ५८ च्या आसपास हवा, दुसऱ्यात साडेछप्पनच्या. तिथे काटा पाच-सातने चुकत असेल तरच मीटर उघडायचा विषय.

घाटवाट

मागच्या एक्सलचं एक चाक जॅकवर उचलून, ते फिरवून केबलचे फेरे मोजले तर चालेल ना? म्हणजे रस्त्यावर जायलाच नको.

केबलकाका

चालेल, पण त्यात एक फसगत आहे. एकच चाक उचललं आणि दुसरं जमिनीवर स्थिर राहिलं, तर डिफरन्शियलच्या स्वभावाने उचललेलं चाक क्राउनच्या दुप्पट फिरतं. म्हणजे चाकाचे दोन फेरे हे रस्त्यावरच्या एका फेऱ्याइतके धरायचे. हे विसरून लोक अर्धं उत्तर काढतात आणि पेटी भलत्याच रेशोची बनवतात.

त्यापेक्षा सपाट जागेवर गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून सरळ ढकला. मीटरकडून केबल सोडवा, आतल्या तारेच्या टोकाला पुठ्ठ्याचा बाण टोचा. टायरच्या तळाशी आणि जमिनीवर खडूची खूण करा. एक माणूस चाकाचे सहा फेरे मोजेल, दुसरा बाणाचे. शेवटचा फेरा अर्धवट असेल तर त्याचाही अंदाज घ्या. बाणाचे फेरे भागिले सहा फेऱ्यांत कापलेले मीटर, गुणिले १०००. किलोमीटरला किती फेरे पडतात ते आलं. ॲम्बेसेडरवाल्यांनाही हीच पद्धत. ब्रिटिश स्मिथ्सच्या जुन्या मीटरवर तर मैलाला किती फेरे लागतात तो आकडा तबकडीवर खाली बारीक अक्षरांत छापलेलाच असतो.

सह्यकडा

मीटर कमी दाखवणं हे कायद्यानेही चालत नाही ना? आणि डिफ बदललेला आरटीओला कळवावा लागतो का?

खिंड

स्पीडोमीटर हवाच, हे केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या ११७ व्या नियमात आहे. किती चूक चालते यासाठी संयुक्त राष्ट्रांचा ३९ क्रमांकाचा नियम बघण्यासारखा आहे. त्याचं तत्त्व सरळ आहे. मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही. जास्त दाखवलं तर खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक ४ किलोमीटर एवढीच मुभा. म्हणजे खरा वेग ८० असेल तर मीटरवर ८० ते ९२ मधलं काहीही चालेल, ७९ नाही. रानवाटचा मीटर ८० ला ७० दाखवतोय. मी सुरुवातीला मोबाइल लावा म्हणालो होतो, पण हे वाचल्यावर पेटी बसवणंच योग्य वाटतं.

नोंदणीचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बदलांबद्दल आहे. नोंदणी प्रमाणपत्रावरचा तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. आरसीवर इंजिन नंबर, चेसिस नंबर, सीसी, व्हीलबेस असतात. डिफचा रेशो नसतो. इंजिन बदलणं ही वेगळी गोष्ट, त्याला परवानगी लागतेच.

रानवाट

सर्वांना कळवतो. उद्यमनगरांनी पेटी करून पाठवली. हाताच्या मुठीत मावेल एवढी, पितळेचे गिअर, झाकणाला कागदी गॅस्केट. टेबलावर आतली बाजू बोटाने फिरवली तर बाहेरची त्याच दिशेने फिरते. आतल्या टोकाला आठ फेरे दिले की बाहेरच्या टोकाला... थांबा, इथे लक्ष द्या: आत सात, बाहेर आठ. बाहेरचं टोक जास्त फिरलं पाहिजे. पेटी उलटी बसली तर मीटर आणखी कमी दाखवेल, म्हणून त्यांनी मीटरकडच्या तोंडावर बाण कोरलाय.

ड्रिलवरची चाचणीही घेतली. मीटर काकांनी सांगितलेल्या पहिल्या प्रकारचा निघाला आणि काटा ५८ च्या किंचित वर राहिला, म्हणजे उत्तम.

पेटी डॅशबोर्डमागे पट्टीने बांधली. त्याच रस्त्यावर ५० किलोमीटरला आता ५०.१ पडतात. काटा ६० वर, जीपीएस ६० वर. काटा स्थिर आहे.

ॲव्हरेजबद्दल लिहायचं राहिलं होतं. डिफ बदलल्यावर जुन्या मीटरच्या हिशेबाने ॲव्हरेज ११ वरून साडेदहावर आलेलं दिसत होतं. गॅरेजमध्ये दोघा-तिघांनी सांगितलं, "बघा, रेशो बदलला की डिझेल जास्त खाते." पण मीटर १०० च्या जागी ८७.६ मोजत होता. साडेदहा भागिले ०.८७६ केलं तर १२ येतं. म्हणजे ॲव्हरेज लिटरमागे एकाने वाढलंय. रेशो बदलून "ॲव्हरेज पडलं" म्हणणाऱ्या प्रत्येकाने आधी आपले किलोमीटर तपासावेत अशी माझी कळकळीची विनंती आहे. चांगलं झालेलं काम लोक या एका आकड्यापायी परत उलटं करून घेतात.

पद्मिनी७४

अभिनंदन! ज्यांच्याकडे केबल नाही, सेन्सर आहे, पण तो सेन्सर डिफच्या आधीच बसलाय, त्यांनी काय करायचं?

डॅलसकर

त्यांना पेटीऐवजी छोटं इलेक्ट्रॉनिक सर्किट लागतं. सेन्सरकडून येणारे पल्स ते मोजतं, ठरवलेल्या प्रमाणात वाढवतं किंवा कमी करतं आणि पुढे देतं. डकोटा डिजिटलसारख्या कंपन्यांची तयार मिळतात. जपानी गाड्यांत अनेकदा एका फेऱ्याला चार पल्स असतात, म्हणजे किलोमीटरला २५४८. हा आकडा माहीत असला की जुळवणी सोपी जाते. मात्र ही तार कुठे कापायची ते वायरिंग बघून ठरवा. तोच सिग्नल इंजिनच्या कॉम्प्युटरलाही जात असेल, तर फाटा फुटण्याआधी सर्किट लावा, म्हणजे दोघांनाही खरा वेग कळेल.

कोकणउतार

धागा पहिल्यापासून वाचला. माझ्या जीपचा डिफ ४३ ला ८ आहे, म्हणजे ५.३८. मलाही ४.२७ करायचाय आणि त्याच वेळी टायरही बदलणार आहे. आत्ताचा टायर एका फेऱ्यात २.२१ मीटर जातो. मित्राच्या गाडीला मला हवे तेच टायर आहेत, त्यावर मोजलं तर २.२५ आलं. दोन्ही मापं गाडीचं वजन टायरवर असताना, खडूची खूण करून, टेपने घेतली आहेत. किती दातांची पेटी लागेल?

उद्यमनगर

मापं अगदी हवी तशी घेतलीत. टायरवर छापलेल्या मापावरून परीघ काढला की तो थोडा जास्त येतो, कारण वजनाने टायर दबतो.

डिफचा गुणक ५.३७५ भागिले ४.२७२७, म्हणजे १.२५८. टायरचा २.२५ भागिले २.२१, म्हणजे १.०१८. दोन्हींचा गुणाकार १.२८१. दोन्ही बदल एकाच दिशेने मीटर मागे पाडताहेत. पेटी न बसवता चालवलीत तर काटा ६० ला तुम्ही ७७ ने जात असाल, हे आधीच ध्यानात ठेवा.

दातांची बेरीज ६४ घेऊ. पहिली जोडी ३६ आणि २८, दुसरी ३२ आणि ३२. रेशो १.२८६. शंभरामागे ०.४ जास्त दाखवेल, कमी नाही, म्हणजे खिंड यांनी सांगितलेल्या नियमातही बसतं. अर्ध्या मॉड्यूलला मध्यांतर १६ मिलिमीटर होईल.

टायर खरेदी झाल्यावर स्वतःच्या गाडीवर, हवा नेहमीइतकी भरून, माप पुन्हा घ्या आणि मगच मला कळवा. २.२५ चे २.२८ निघाले तर मी पहिली जोडी बदलेन. आणि केबलच्या दोन्ही टोकांचे फोटो पट्टी शेजारी ठेवून पाठवा. ट्रान्स्फर केसकडच्या नटाचे आटे आणि मीटरकडच्या नटाचे आटे नेहमी सारखे नसतात, आतलं चौकोनी टोकही वेगळ्या मापाचं निघू शकतं.